फ्लॉपी सापडली, पुढे काय?

विंडोजच्या संगणकात ड्राइव्हची मोजणी ‘सी’पासून सुरू होते, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती आणि गंमत म्हणजे ती अजूनही मोकळीच ठेवलेली आहेत. विंडोज ११ च्या लॅपटॉपला आज यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह जोडा, त्याला मुकाट ‘ए’ मिळतं. गाव सोडून गेलेल्या माणसाचं नाव रेशन कार्डावर तसंच राहावं, तसं.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून फ्लॉप्यांचा डबा निघाला तर ‘हे आता कुठे चालणार’ म्हणत तो कचऱ्यात टाकू नका. बहुतेक वेळा चालतं. कुठे सहज चालतं आणि कुठे घोडं अडतं, यातच सगळी मजा आहे.

सोपी गोष्ट आधी

फ्लॉपी साडेतीन इंची आणि १.४४ एमबीची असेल तर फार विचार करू नका. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह ऑनलाइन मिळतो. वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही, वेगळी वीजजोडणीही नाही. फ्लॉपीवरची माहितीची मांडणी म्हणजे फॅट१२. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावरची ही पद्धत विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांनाही आजही वाचता येते. डॉसवर केलेली फाइल चाळीस वर्षांनी आजच्या लॅपटॉपवर नावासकट दिसते. नाव मात्र आठ अक्षरांचंच, कारण डॉसला त्याहून लांब नाव चालत नसे. ‘वडिलांचं मृत्युपत्र’ अशी फाइल शोधू नका, ‘डब्ल्यूआयएलएल२’ शोधा.

आता या ड्राइव्हच्या मर्यादा. सव्वापाच इंची फ्लॉपी त्यात शिरतच नाही. कमोडोरच्या अमिगा संगणकाची फ्लॉपी शिरते, पण वाचता येत नाही. आणि जुन्या मॅकिंटॉशची ४०० किंवा ८०० केबीची फ्लॉपी असेल तर ड्राइव्ह नुसता कुरकुरतो. कारण मजेदार आहे. साधा साडेतीन इंची ड्राइव्ह चकती मिनिटाला ठरावीक ३०० फेऱ्यांनी फिरवतो. ॲपलचा ड्राइव्ह बाहेरच्या कडेला हळू आणि आतल्या बाजूला जोरात फिरवायचा, म्हणजे बाहेरच्या लांब वर्तुळावर जास्त मजकूर मावायचा. युक्ती हुशार होती, पण तिच्यामुळे बाकीच्या जगाशी फारकत झाली. त्यात पुढचा विनोद असा की १.४४ एमबीची मॅक फ्लॉपी यूएसबी ड्राइव्ह वाचू शकतो, पण तिच्यावरची एचएफएस ही जुनी मांडणी खुद्द ॲपलने २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून सोडून दिली. ॲपलची फ्लॉपी ॲपलच्या नव्या संगणकाला कळत नाही, लिनक्सला कळते!

१.४४ हा आकडाच खोटा

फ्लॉपीवर छापलेला १.४४ एमबी हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे आणि कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार करा: १४,७४,५६० बाइट. हजाराच्या हिशेबाने ते होतात १.४७ एमबी आणि १०२४ च्या हिशेबाने १.४१. मग १.४४ आले कुठून? कुणीतरी एकदा १०२४ ने भागलं, १४४० केबी आले, मग पुढचा भागाकार हजाराने केला. हा अर्धा-अर्धा हिशेब जगभरच्या लेबलांवर छापला गेला आणि कुणी हरकत घेतली नाही. ‘साडेतीन इंच’ हेही तसंच. खोक्याची रुंदी नेमकी ९० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंचांहून किंचित जास्त.

६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये अशा चाळीस हजारांवर फ्लॉप्या मावतात. उलट मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटो बहुधा एका फ्लॉपीत मावणार नाही. आणि तरी विंडोज ९५ ही अख्खी प्रणाली १३ फ्लॉप्यांवर विकली जायची. (त्यासाठी मायक्रोसॉफ्टने फ्लॉपीत नेहमीपेक्षा जास्त मजकूर कोंबायची खास पद्धत वापरली होती. बारावी फ्लॉपी खराब निघाली की काय व्हायचं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.)

मूळ फ्लॉपी तर याहून भोळी. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेली पहिली फ्लॉपी आठ इंची होती, तिच्यात जेमतेम ८० केबी मावायचे, आणि तिच्यावर ग्राहकाने काही लिहायचंच नव्हतं. सिस्टिम/३७० या अजस्र संगणकांना सुरू होताना लागणाऱ्या सूचना भरण्यापुरतीच ती होती. सव्वापाच इंची १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने आणली. तिचं माप बारमधल्या कागदी रुमालावरून ठरलं, ही दंतकथा म्हणूनच ऐकावी. साडेतीन इंची सोनीची, १९८१ ची.

आधी भोक बघा

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सारण्याआधी एक काम करा: तिच्यावर लिहिणं बंद करा. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यात सरकती खिट्टी असते. भोक उघडं दिसलं की फ्लॉपी सुरक्षित. सव्वापाच इंचीच्या कडेला खाच असते आणि तिथे नियम बरोब्बर उलटा: खाच उघडी असेल तर लिहिता येतं, चिकटपट्टीने बुजवली की सुरक्षित. एकाच वस्तूच्या दोन पिढ्यांत नियम असा उलटा ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? काटकसरी लोकांनी या खाचेतूनही फायदा काढला. ॲपल टू आणि कमोडोर ६४ यांचे ड्राइव्ह एकाच बाजूने वाचायचे. म्हणून लोक दुसऱ्या कडेलाही पंचने खाच पाडायचे आणि फ्लॉपी पालथी घालून दुसरी बाजू वापरायचे. असे पंच बाजारात विकतही मिळायचे. तेव्हा त्या काळातली फ्लॉपी हाती लागली तर उलटून बघायला विसरू नका.

दुसरा नियम. ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विंडोजने विचारलं तर उत्तर नेहमी ‘नाही’. त्या प्रश्नाचा अर्थ फ्लॉपी कोरी आहे असा नसतो, विंडोजला ती कळली नाही एवढाच असतो. तिसरा नियम जाणकार सगळ्यांना सांगतात आणि फार थोडे पाळतात: फाइली एकेक उघडून बघत बसू नका, आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढा. लिनक्सवर ‘डीडी’ किंवा ‘डीडीरेस्क्यू’, विंडोजवर ‘विनइमेज’. चांगली फ्लॉपी साधारण मिनिटभरात उतरते. खराब असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ आधी सोपे भाग उचलतो आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा जाऊन बघतो. मग त्या प्रतीवर काय हवे ते प्रयोग करा.

या प्रतीत कधीकधी पुसलेल्या फाइलीही सापडतात. डॉसने फाइल पुसली म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण ठेवली आणि जागा मोकळी धरली, मजकूर तिथेच. म्हणून डॉसची ‘अनडिलीट’ आज्ञा तुम्हालाच विचारायची, की बाबा, पहिलं अक्षर काय होतं?

पावसाळा नावाचा शत्रू

हार्ड डिस्कचं डोकं चकतीला न टेकता वरून तरंगतं. फ्लॉपीचं डोकं थेट चकतीला घासतं. म्हणून चकतीवर बुरशी असेल तर ती डोक्याला चिकटते आणि पुढच्या निरोगी फ्लॉपीलाही ओरखडे पाडते. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या फ्लॉपीची पत्र्याची झडप आधी बोटाने सरकवा आणि उजेडात चकती बघा. पांढरट-करडे डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही.

मग काय, टाकून द्यायची? नाही, पुसायची. चकती म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर. सव्वापाच इंचीचं पाकीट कडेने कापून चकती बाहेर काढतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसतात, वाळवतात आणि दुसऱ्या चांगल्या पाकिटात घालून वाचतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण जुन्या फ्लॉप्या वाचवणारे लोक हे नेहमी करतात. मात्र चकतीवरचा थरच सुटून आरपार दिसायला लागलं असेल तर तिथला मजकूर गेला. त्यावर इलाज नाही.

चुंबकाची नुसती नोंद

सव्वापाच इंची, अमिगा, जुना मॅक, या सगळ्यांवर आता एक सुरेख तोड निघाली आहे. क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल अशी छोटी सर्किट असतात. ग्रीझवीझल तर कीर फ्रेझर या प्रोग्रामरने खुलं ठेवलंय, कुणीही बनवावं. त्याचं एक टोक यूएसबीला आणि दुसरं जुन्या, डेस्कटॉपमधून काढलेल्या खऱ्याखुऱ्या फ्लॉपी ड्राइव्हला. (ड्राइव्हला वीज वेगळी द्यावी लागू शकते.) हे सर्किट फ्लॉपीत कोणत्या फाइली आहेत हे विचारतच नाही. चकती फिरताना चुंबकाची दिशा नेमकी कधी कधी बदलली, फक्त त्या वेळा ते टिपून घेतं. त्या नोंदीचा अर्थ लावायचं काम नंतर संगणक करतो. म्हणून साध्या ड्राइव्हला न जमणारी मॅकची ४०० केबीची फ्लॉपीही अशी उतरवता येते.

इथे जुन्या केबलची एक खोडी आठवते. पीसीतल्या फ्लॉपीच्या ३४ तारांच्या चपट्या केबलमध्ये मध्येच काही तारांना पीळ दिलेला असायचा. तो कारखान्यातला दोष नव्हता. पिळाच्या पुढे जोडलेला ड्राइव्ह ‘ए’, अलीकडे जोडलेला ‘बी’! ड्राइव्हवरच्या खिट्ट्या बदलायचा त्रास वाचावा म्हणून आयबीएमने काढलेली ही पळवाट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हाताने मशिन जोडून देणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अशा उतरवण्यातून काय काय हाती लागलं बघा. अँडी वॉरहॉलने १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रं २०१४ मध्ये पिट्सबर्गच्या त्याच्या संग्रहालयातल्या फ्लॉप्यांतून बाहेर आली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने क्रायोफ्लक्स वापरून ती काढली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचा ॲपल टू वरचा मूळ सोर्स कोड हरवला होता. २०१२ मध्ये त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर याच्या वडिलांना तो घरच्या कपाटात सापडला. ‘स्टार ट्रेक’चा जनक जीन रॉडनबेरी याच्या दोनशेच्या आसपास फ्लॉप्या तर अशा संगणकावरच्या होत्या की तसा चालणारा संगणकच उरला नव्हता. डेटा परत मिळवणाऱ्या एका कंपनीला त्याची भाषा आधी उलगडावी लागली.

हॅपी बर्थडे जोशी

फ्लॉपीतून जुना व्हायरस आला तर? भीती रास्त आहे, पण आता जुनी झाली. त्या काळचे व्हायरस फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात दडायचे. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी विसरून संगणक सुरू केला की ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश यायचा, आपण फ्लॉपी काढून पुढे जायचो. पण तेवढ्यात पहिला कप्पा वाचला गेलेला असायचा आणि पाहुणा घरात शिरलेला असायचा. आजचे संगणक त्या वाटेने सुरूच होत नाहीत.

या जमातीतला नामवंत म्हणजे १९८६ चा ‘ब्रेन’. तो लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. एवढा सभ्य व्हायरस पुन्हा झाला नाही. आणि आपल्याला अभिमान वाटावा की शरम, हे ठरवणं कठीण, पण १९९० मध्ये भारतात एक ‘जोशी’ नावाचा व्हायरस सापडला. तो दर ५ जानेवारीला संगणक अडवून ठेवायचा आणि हुकूम सोडायचा: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. केलं की संगणक सुरू. केक नाही, आमंत्रण नाही, सक्तीच्या शुभेच्छा! असल्या उपद्रवांवर औषध काढता काढता पुण्यातल्या काटकर बंधूंचं क्विक हील उभं राहिलं, हेही फ्लॉपीच्याच खात्यावर जमा धरायला हवं.

खरं कुलूप मराठीचं

समजा फ्लॉपी वाचली गेली, फाइल उघडली आणि पडद्यावर आलं भलतंच: युरोपी अक्षरं, टोप्या घातलेले ‘ए’, पौंडाच्या खुणा. फ्लॉपी खराब नाही. तुमचा मजकूर शाबूत आहे, फक्त तो सगळ्या लिप्यांसाठी एकच असलेल्या युनिकोड या अक्षरसंकेताच्या आधीचा आहे.

नव्वदच्या दशकात मराठी टाइप करायची म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, नाहीतर आकृती. यांच्या फाँटमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. अक्षरं नव्हे, तुकडे. अर्धा ‘ग’ एका जागी, उभा दंड दुसऱ्या जागी, दोन्ही मिळून पूर्ण ‘ग’. प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी. म्हणून फाँट हरवला की मजकूर मुका.

फाँटचं नाव माहीत असेल तर रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांचं काम नुसतं अक्षर बदलण्याचं नाही. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटमध्ये ती आधी साठवलेली. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी, वेलांटी मागून. रफाराचं नेमकं उलट: ‘अर्क’मधला रफार डोळ्यांना ‘क’च्या डोक्यावर दिसतो, पण युनिकोडला ‘र’ आधी हवा. साधन इथे चुकलं की वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात. म्हणून रूपांतर झाल्यावर मजकूर एकदा माणसाच्या डोळ्यांनी वाचावाच लागतो. त्यातल्या त्यात नशीबवान ते, ज्यांचा मजकूर भारतीय लिप्यांसाठीच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर ‘इस्की’ या प्रमाणात साठवला गेला. इस्की १९९१ मध्ये भारतीय मानक झालं, त्यात अक्षरं उच्चाराच्याच क्रमाने असतात आणि युनिकोडची देवनागरीही त्याच कुळातली. तिथे रूपांतर जवळपास सरळ होतं.

विंडोजमध्ये युनिकोडची देवनागरी विंडोज २००० बरोबर आली आणि तिच्यासाठीचा ‘मंगल’ हा फाँट घडवला र. कृ. जोशी यांनी. म्हणजे एका जोशीने संगणक अडवला आणि दुसऱ्या जोशींनी मराठीसाठी मोकळा केला.

इंग्रजी फाइलींचे लाड त्यामानाने कमी. वर्डस्टारचं पत्र नोटपॅडमध्ये उघडलं तर शब्दांची शेवटची अक्षरं वेडीवाकडी दिसतात, कारण शब्द संपल्याची खूण तो त्या अक्षरातच लपवायचा. वर्डपरफेक्ट, लोटस, वर्क्स यांच्या अनेक फाइली फुकट मिळणारं लिब्रेऑफिस उघडतं. नवं वर्ड मात्र फार जुन्या वर्डच्या फाइली सुरक्षेच्या नावाखाली अडवतं. घरचाच आहेर!

जे अजून सोडवेनात

जपानची कथा सगळ्यात रंजक. डिजिटल खात्याचे तेव्हाचे मंत्री तारो कोनो यांनी २०२२ मध्ये फ्लॉपीविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा सुमारे १,९०० सरकारी कामांत फ्लॉपी किंवा तशाच वस्तू मागितल्या जात होत्या. २०२४ मध्ये त्यांनी विजय जाहीर केला. त्याच २०२२ मध्ये आबू नावाच्या छोट्या गावात ४६३ कुटुंबांना वाटायचे ४ कोटी ६३ लाख येन एकाच माणसाच्या खात्यात गेले आणि बोभाटा झाला तो गावाने बँकेला फ्लॉपी दिल्याचा. पण फ्लॉपीवरची यादी बरोबर होती! घोटाळा केला तो मागून पाठवलेल्या कागदाने.

अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाची संदेशयंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर होती. बोइंग ७४७-४०० चा मार्गदर्शक नकाशा दर २८ दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरला जायचा. १९९८ ला सव्वापाच इंचीवर आलेली सॅन फ्रान्सिस्कोची मेट्रो २०२४ मध्येही तिच्यावरच धावत होती. भरतकामाच्या आणि कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांत लोक आता फ्लॉपीच्या खाचेत गोटेक नावाचा डबा बसवतात. त्यात पेन ड्राइव्ह घातला की यंत्राला वाटतं फ्लॉपीच आली.

हसायच्या आधी आपल्याकडे बघा. २००३ च्या योजनेत टीडीएसचं विवरणपत्र फ्लॉपीवर द्यायची सोय होती, सोबत फॉर्म २७ए कागदावर. आणि १९६१ च्या आयकर कायद्यात ‘हिशेबाची पुस्तकं’ म्हणजे काय, याच्या व्याख्येत फ्लॉपीचं नाव चक्क लिहिलेलं होतं. २०२२ मध्ये त्या व्याख्येत डिजिटल स्वरूप घातलं गेलं, तरी फ्लॉपी राहिलीच.

सोनीने जपानमधली साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. सव्वापाच इंची फ्लॉपी वाचायची तर जुनाच ड्राइव्ह लागतो. तेव्हा घरचा किंवा ऑफिसातला जुना डेस्कटॉप भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी त्यातला फ्लॉपी ड्राइव्ह आणि पिळाची ती केबल तेवढी काढून ठेवा.